सिमेंट-प्रकरण व मुख्यमंत्र्याचे उत्तरदायित्व (१९८१–१९९१)

१. प्रास्ताविक

राज्यकारभारातील भ्रष्टाचाराच्या इतिहासाकडे पाहताना कोणी किती द्रव्य घेतले हा प्रश्न स्वाभाविकपणेच प्रथम पुढे येतो. वृत्तपत्रांना व विधिमंडळांना तोच प्रश्न जवळचा वाटतो. परंतु संस्थांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यास त्याहून मूलगामी असा एक दुसरा प्रश्न विचारावा लागतो. राज्याच्या कार्यकारी सत्तेचा जो प्रमुख, त्याला न्यायासनापुढे उभे करण्याची अनुज्ञा कोणी द्यावयाची? सामान्य लोकसेवकाविरुद्ध खटला भरण्यास शासनाची मंजुरी लागते, कारण प्रामाणिक अधिकाऱ्यास निष्कारण छळापासून संरक्षण मिळावे असा त्या तरतुदीचा हेतू आहे. मात्र आरोप ज्याच्यावर आहे तोच शासनाचा प्रमुख असेल, तर मंजुरी देणारा व आरोपी हे एकच ठरतात आणि संरक्षणासाठी निर्माण केलेली तरतूद अभेद्य कवच होऊन बसते.

महाराष्ट्रात हा प्रश्न १९८१ साली मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या संदर्भात उपस्थित झाला. लोकस्मृतीत हे प्रकरण सिमेंटच्या पोत्यांशी जोडले गेले आहे व त्यात गैर काही नाही. तथापि त्यानंतरच्या दहा वर्षांत मुंबई उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय यांनी या एका प्रकरणातून जे निर्णय दिले, ते पाहता सिमेंट-प्रकरणाचे स्थान प्रशासकीय घोटाळ्यांच्या यादीपेक्षा घटनात्मक विकासाच्या इतिहासात अधिक आहे असे म्हणावे लागते. त्याचबरोबर हेही नमूद केले पाहिजे की, इतके निर्णय होऊनही मूळ आरोप खरा की खोटा, याचा फौजदारी न्यायालयातील अंतिम निवाडा दोषसिद्धीच्या स्वरूपात कधीच झाला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा घडल्या व त्यांचे राजकीय परिणाम काय झाले, याचे विवेचन येथे अभिप्रेत आहे.

२. पूर्वपीठिका : क्रॉफर्ड व कैराँ

उच्चपदस्थाची चौकशी कोणी व कशी करावी हा प्रश्न या प्रांताला नवा नव्हता. मुंबई शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर म्हणून १८६५ पासून गाजलेले आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड पुढे मध्य विभागाचे कमिशनर असताना, मामलेदारांच्या नेमणुका, बदल्या व बढत्या यांसाठी त्यांच्या नावाने पैसे घेतले जातात असा बभ्रा झाला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने १८८८ साली चौकशी हाती घेतली. क्रॉफर्ड यांचे हस्तक मानले गेलेले हणमंतराव जहागीरदार यांना न्यायालयातून शिक्षा झाली. खुद्द क्रॉफर्ड यांच्यासाठी मात्र खास चौकशी मंडळ नेमण्यात आले व त्याचे काम पुणे येथे चालले. मंडळाने लाचलुचपतीचा आरोप सिद्ध मानला नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्जे घेतल्याचा दोष तेवढा ठेवला. मुंबई सरकार या निष्कर्षाशी सहमत नव्हते. अखेर क्रॉफर्ड यांना नोकरीतून जावे लागले, पण लाच घेतल्याचा ठपका कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यावर राहिला नाही.

या प्रकरणात खरी फरफट झाली ती मामलेदारांची. अभयवचन घेऊन त्यांनी पैसे दिल्याचे कबूल केले आणि मग त्या कबुलीमुळे त्यांच्याच नोकऱ्या धोक्यात आल्या. त्यांचा कैवार घेऊन बाळ गंगाधर टिळक यांनी पुण्यात १८८९ साली चळवळ उभारली. सरकारला त्याच वर्षी मामलेदारांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला, तरी काही जणांना नोकरी गमवावीच लागली. पैसे दिल्याचे कबूल करणारे उघडे पडले आणि पैसे घेतल्याचा आरोप ज्यांच्यावर होता ते त्या आरोपातून सुटले, हे क्रॉफर्ड-प्रकरणाचे फलित मराठी राजकारणाच्या स्मरणात दीर्घकाळ राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात मुख्यमंत्र्यांवरील आरोपांसाठी १९५२ च्या चौकशी आयोग अधिनियमाचा मार्ग रूढ झाला. पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंग कैराँ यांनी दास आयोगाच्या अहवालानंतर १९६४ साली राजीनामा दिला. तमिळनाडूत १९७६ साली सरकारिया आयोग नेमला गेला. या मार्गाचे वैशिष्ट्य असे की, आयोग नेमावयाचा की नाही हे कोणत्या तरी सरकारच्या मर्जीवर अवलंबून असते व आयोगाचा निष्कर्ष बंधनकारक नसतो. मुख्यमंत्री हा भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने करुणानिधी यांच्या प्रकरणात १९७९ साली दिला आणि फौजदारी कायद्याचा दरवाजा तत्त्वतः उघडला. परंतु लोकसेवक ठरल्याबरोबर मंजुरीची अटही त्याला लागू झाली. महाराष्ट्रात दोनच वर्षांनी जो संघर्ष झाला, त्याची कायदेशीर पार्श्वभूमी ही होय.

३. टंचाई आणि परवाना

सिमेंटसारखी निर्जीव वस्तू राजकीय सत्तेचे साधन कशी झाली, हे समजण्यासाठी त्या काळची नियंत्रणव्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. सिमेंटची किंमत व वाटप या दोहोंवर केंद्र शासनाचे नियंत्रण होते. प्रत्येक राज्यास ठराविक कोटा मिळे व राज्य शासन परवान्यांच्या द्वारे त्याचे वाटप करी. नियंत्रित दर व खुल्या बाजारातील भाव यांत मोठी तफावत असल्यामुळे परवान्याच्या कागदालाच किंमत आली होती. ज्याच्या स्वाक्षरीने परवाना मिळे त्याच्या हाती ही तफावत एका अर्थाने जमा असे.

या व्यवस्थेचा जाच सर्वांत अधिक जाणवला तो मुंबईच्या सीमेवरील वाढत्या नगरांना. मुंबईत जागा न मिळालेला मध्यमवर्ग व कामगारवर्ग ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात येऊन स्थिरावत होता. ठाणे शहरात खोपट, पाचपाखाडी, नौपाडा अशा वस्त्यांतून कौलारू घरे व बैठ्या चाळी यांच्या जागी मजल्यांच्या इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन होत होत्या. अशा घरबांधणीत स्लॅब घालण्याचा दिवस हा सिमेंटच्या परवान्यावर अवलंबून असे. ज्याला चार खोल्यांचे घर बांधावयाचे आहे अशा गृहस्थाने अर्ज करून वाट पाहावयाची आणि मोठ्या बांधकाम व्यावसायिकाने वरच्या पातळीवरून खास वाटप मिळवावयाचे, अशी विषमता या व्यवस्थेच्या पोटातच होती. सिमेंट-प्रकरणाने लोकमत इतके क्षुब्ध का झाले याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. परवान्याची प्रतीक्षा हा हजारो कुटुंबांचा प्रत्यक्ष अनुभव होता. त्यामुळे आरोपाचा अर्थ समजण्यास त्यांना वकिलाची गरज भासली नाही.

४. प्रकरणाचा उद्भव

शरद पवार यांचे पुरोगामी लोकशाही दलाचे मंत्रिमंडळ फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. त्यानंतरच्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला २८८ पैकी १८६ जागा मिळाल्या व ९ जून १९८० रोजी अंतुले मुख्यमंत्री झाले. कुलाबा जिल्ह्यातील आंबेत गावचे हे बॅरिस्टर संघटनेत इंदिरा गांधींचे निष्ठावंत म्हणून ओळखले जात. राज्याच्या राजकारणात सहकारी साखर कारखानदारीतून वर आलेल्या नेतृत्वाचे प्राबल्य असता, कोकणातील एका मुस्लिम नेत्याकडे मुख्यमंत्रिपद जाणे ही गोष्ट दिल्लीच्या इच्छेवाचून घडणे कठीण होते.

त्यांच्या कारभाराचे मूल्यमापन एकांगी होता कामा नये. निराधार वृद्ध, विधवा व अपंग यांना मासिक अनुदान देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले, १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग व जालना हे जिल्हे अस्तित्वात आले आणि त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात उच्च न्यायालयाचे काम औरंगाबाद येथे सुरू झाले. निर्णयाची तडफ हा त्यांचा गुण विरोधकांनीही मान्य केला. परंतु नियमांची चौकट ओलांडून तात्काळ निर्णय करण्याची जी प्रवृत्ती लोकोपयोगी कामांत तडफ म्हणून गौरविली गेली, तीच परवाने व कोटे यांच्या वाटपात शिरली तेव्हा तिचे रूप पालटले.

अंतुले यांनी अनेक सार्वजनिक न्यास स्थापन केले होते. कोकण उन्नती मित्र मंडळ हा त्यांपैकी एक. साहित्य व कला यांच्या उत्तेजनार्थ निघालेले इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान हा दुसरा व सर्वांत मोठा. या न्यासांसाठी सहकारी साखर कारखाने, बांधकाम व्यावसायिक व इतर उद्योजक यांच्याकडून देणग्या जमा करण्यात आल्या. देणगी देणाऱ्यांची कामे शासनाकडे अडलेली होती आणि देणगीनंतर ती मार्गी लागली, असा आरोप होता. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस' या दैनिकात अरुण शौरी यांचा सविस्तर लेख प्रसिद्ध झाला व प्रकरण उघड्यावर आले. न्यासाला पंतप्रधानांचे नाव असल्याने त्याचे पडसाद संसदेतही उमटले. पुढे न्यासाच्या नावातून ते नाव गाळण्यात आले.

येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. परंपरागत लाच ही गुप्तपणे व व्यक्तीच्या खिशात जाते. येथे पैसा धनादेशाने, पावती घेऊन, नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात जमा झाला होता. अंतुले यांच्या समर्थकांचा सर्व भर याच मुद्द्यावर होता: मुख्यमंत्र्यांनी स्वतःसाठी काही घेतले नाही. उलट बाजूने असे म्हटले गेले की, न्यासावर ज्याचे नियंत्रण त्याच्या प्रतिष्ठेत व राजकीय सामर्थ्यात त्या पैशाने भर पडते आणि ज्या अधिकाराच्या बदल्यात देणगी मिळाली तो अधिकार जनतेचा होता. लोकहिताचे कार्य पुढे करून शासकीय अधिकाराचा विनिमय करता येतो काय, हा प्रश्न यापूर्वी इतक्या स्पष्टपणे महाराष्ट्रापुढे आला नव्हता.

५. न्यायमूर्ती लेंटिन यांचा निर्णय

विधानसभेतील संख्याबळ पाहता विरोधी पक्षांना मतदानाने मंत्रिमंडळ पाडणे शक्य नव्हते व चौकशी आयोग नेमण्याची सत्ताधारी पक्षाची इच्छा नव्हती. त्यामुळे विरोधकांनी न्यायालयाचा आश्रय घेतला आणि तोही दोन स्वतंत्र मार्गांनी. जनता पक्षाचे पी. बी. सामंत, मृणाल गोरे आदींनी सिमेंटच्या वाटपाला उच्च न्यायालयात रिट अर्जाने आव्हान दिले. भारतीय जनता पक्षाचे रामदास नायक यांनी फौजदारी फिर्यादीचा मार्ग धरला.

रिट अर्जावर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निर्णय दिला. बांधकाम व्यावसायिकांना दिलेले सिमेंटचे खास वाटप व त्यांनी न्यासाला दिलेल्या देणग्या यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याच दिवशी अंतुले यांनी राजीनामा दिला. या निर्णयाचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. तो फौजदारी शिक्षेचा निवाडा नव्हता; प्रशासकीय अधिकाराचा वापर कायद्याला धरून झाला की नाही, एवढाच त्याचा विषय होता. तरीही त्याचा राजकीय आघात कोणत्याही आयोगाच्या अहवालापेक्षा प्रखर झाला, कारण तो शासनाने नेमलेल्या मंडळाकडून न येता राज्याच्या घटनात्मक न्यायालयाकडून आला होता व त्याला शासनाच्या स्वीकृतीची आवश्यकता नव्हती.

६. राज्यपालांची मंजुरी

नायक यांच्या फिर्यादीचा प्रवास अधिक गुंतागुंतीचा आहे आणि प्रस्तुत विवेचनाचा गाभा तोच होय. त्यांनी १ सप्टेंबर १९८१ रोजी राज्यपालांकडे खटल्याच्या मंजुरीसाठी अर्ज केला आणि ११ सप्टेंबर रोजी मुंबईच्या मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात फिर्याद दाखल केली. मंजुरीवाचून लाचलुचपतीच्या कलमांखालील फिर्याद चालू शकत नाही, असे न्यायालयाने ठरविले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. खंडपीठाने मंजुरी आवश्यक असल्याचे मान्य केले. पण त्याचबरोबर मंजुरीचा निर्णय राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने न करता स्वविवेकाने करावयाचा आहे, अशी नोंद केली.

या नोंदीचे महत्त्व घटनेच्या रचनेत आहे. संसदीय पद्धतीत राज्यपाल सर्वसाधारणतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. अनुच्छेद १६३ चा प्रघात तसाच आहे. राज्यपालाने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावेत अशी अपेक्षा केली तर लोकनियुक्त शासनाच्या डोक्यावर एक अनियुक्त सत्ता बसते. उलटपक्षी, मुख्यमंत्र्याविरुद्धच्या खटल्याच्या मंजुरीत मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक मानला तर आरोपीने स्वतःच्याच न्यायाधीशपदी बसावे तसे होते. राज्य शासनाने या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. शासनाच्या वकिलांनी उच्च न्यायालयात हा मुद्दा मान्य केला होता, असे न्यायमूर्तींनी निर्णयपत्रात नमूद केले होते. आता मात्र ती मान्यता नाकारण्याचा प्रयत्न झाला. २८ जुलै १९८२ रोजी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी तो अमान्य केला. न्यायाधीशांनी आपल्या निर्णयात केलेली नोंद अंतिम होय, असे सांगून त्यांनी तत्त्वतःही राज्यपालांच्या स्वविवेकाचा पक्ष उचलून धरला. त्याच दिवशी राज्यपाल इद्रिस हसन लतीफ यांनी पाच बाबींसंबंधी मंजुरी दिली.

क्रॉफर्ड-प्रकरणाशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. लॉर्ड रे यांनी १८८८ साली जी चौकशी आरंभिली ती साम्राज्याच्या अंतर्गत शिस्तीचा भाग होती. गव्हर्नर हाच शासनप्रमुख होता व तो हाताखालच्या अधिकाऱ्याविषयी निर्णय घेत होता. १९८२ साली राज्यपाल शासनप्रमुखाविषयीच निर्णय घेत होते, आणि त्यांना त्या ठिकाणी आणले होते एका नागरिकाच्या अर्जाने व न्यायालयाच्या निर्णयाने. पुढे मध्य प्रदेशातील दोन मंत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हेच सूत्र अधिक विस्ताराने मांडले.

७. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय : १९८४ ते १९९१

मंजुरी मिळताच नायक यांनी विशेष न्यायाधीशांकडे नवी फिर्याद दाखल केली. अंतुले मुख्यमंत्री राहिले नसले तरी विधानसभेचे सदस्य होते. म्हणून सदस्य या नात्याने ते लोकसेवक असून त्यासाठी वेगळी मंजुरी हवी, असा आक्षेप पुढे आला. जुलै १९८३ मध्ये विशेष न्यायाधीशांनी तो मान्य करून त्यांना दोषमुक्त केले. १६ फेब्रुवारी १९८४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा आदेश रद्द ठरविला. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या या निर्णयातून तीन सूत्रे निघाली. पहिले, आमदार हा दंड संहितेच्या तत्कालीन व्याख्येनुसार लोकसेवक नाही. दुसरे, ज्या पदाचा दुरुपयोग झाला असे म्हटले जाते ते पद न्यायालयाने प्रकरणाची दखल घेतेवेळी आरोपीकडे असेल तरच मंजुरी आवश्यक. पद सुटल्यावर ती लागत नाही. तिसरे, त्याच दिवशी दिलेल्या स्वतंत्र निर्णयानुसार, लाचलुचपतीच्या गुन्ह्याबद्दल खाजगी नागरिकही विशेष न्यायाधीशाकडे थेट फिर्याद करू शकतो.

दुसऱ्या सूत्रातील विरोधाभास ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या मंजुरीसाठी जवळजवळ अकरा महिने झगडा झाला, ती प्रत्यक्षात मिळाली त्या दिवशी अंतुले मुख्यमंत्रिपदावर नव्हते. म्हणजे १९८४ च्या निकषाने ती मंजुरी आवश्यकच नव्हती. मात्र यामुळे तो झगडा व्यर्थ ठरत नाही. पदावर असलेल्या मुख्यमंत्र्याविरुद्ध मंजुरी कोणी द्यावी याचे उत्तर त्या झगड्यातूनच मिळाले होते.

विलंब टळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या आदेशात खटला विशेष न्यायालयाकडून काढून उच्च न्यायालयाकडे सोपविला. हेतू शुद्ध असला तरी पुढील सर्व गुंता येथूनच उत्पन्न झाला. उच्च न्यायालयात मांडण्यात आलेल्या ४३ आरोपांपैकी २१ आरोप ठेवले गेले व २२ बाबतींत नकार मिळाला. १७ एप्रिल १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि नव्या न्यायमूर्तींनी ७९ आरोप निश्चित केले. मग अंतुले यांनी मूलभूत प्रश्न केला: लाचलुचपतीचा खटला विशेष न्यायाधीशानेच चालवावा असा कायदा असता न्यायालय तो स्वतःच्या आदेशाने दुसरीकडे कसा नेऊ शकते? तसे केल्याने इतर आरोपींना मिळणारा अपिलाचा हक्क त्यांच्यापासून हिरावला गेला होता. २९ एप्रिल १९८८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने पाच विरुद्ध दोन अशा बहुमताने हा युक्तिवाद मान्य केला. न्यायालयाच्या कृतीमुळे कोणाचीही हानी होता कामा नये, या न्यायाने १९८४ चा तो आदेश व त्यानंतरची सर्व कार्यवाही रद्दबातल ठरली.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्याच पूर्वीच्या आदेशातील चूक कबूल करावी, ही घटना असाधारण होती. बलाढ्य व अप्रिय झालेल्या आरोपीलाही कायद्याचे समान संरक्षण मिळाले पाहिजे, हे तिच्यामागील तत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्या तत्त्वाची किंमत अशी पडली की, सात वर्षे चाललेला खटला पुन्हा आरंभबिंदूवर आला. पुढे विलंबाच्या कारणास्तव कार्यवाही रद्द व्हावी अशी मागणी झाली, तेव्हा १० डिसेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शीघ्र न्यायचौकशीचा हक्क हा अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे सांगून त्यासंबंधीची मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. ठराविक कालमर्यादा मात्र आखून देण्यास नकार दिला. ज्या खटल्याचा अंत होत नव्हता, त्याच्याच निमित्ताने खटल्यांच्या विलंबाचा देशव्यापी कायदा सिद्ध व्हावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

८. राजकीय परिणाम

राजीनाम्याचा तात्कालिक परिणाम म्हणजे सत्तेची पोकळी. राजीनामा १२ जानेवारी १९८२ रोजी आला व बाबासाहेब भोसले यांचा शपथविधी २१ जानेवारी रोजी झाला. याच अंतरात, १८ जानेवारी रोजी, मुंबईतील कापड गिरण्यांचा सार्वत्रिक संप दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांच्या भवितव्याशी निगडित असलेला हा संघर्ष पेटला, त्या क्षणी राज्यात केवळ काळजीवाहू मंत्रिमंडळ होते. संपाची कारणे स्वतंत्र व जुनी होती; त्याचे खापर सिमेंट-प्रकरणावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु आरंभीच्या दिवसांत अधिकारवाणीने बोलणारे शासन नव्हते, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. भोसले यांची निवड दिल्लीतून झाली होती व पक्षांतर्गत पाठबळाच्या अभावी त्यांचे आसन अखेरपर्यंत डळमळीत राहिले. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचाच उठाव झाला. फेब्रुवारी १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्याकडे सूत्रे गेली.

दुसरा परिणाम अधिक खोल होता. मुख्यमंत्र्याची नेमणूक दिल्लीच्या इच्छेने झाली, त्याचे पतन उच्च न्यायालयाच्या निर्णयाने झाले आणि त्याचा वारस पुन्हा दिल्लीच्या इच्छेने ठरला. या तिन्ही टप्प्यांत विधानसभेची भूमिका दुय्यम राहिली. मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असते, हे संसदीय पद्धतीचे मूलतत्त्व. पण बहुमत एकसंध असता ते तत्त्व निष्प्रभ होते व ती जबाबदारी न्यायालयांना आपल्या अंगावर घ्यावी लागते, हे १९८२ ने दाखविले. मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांनाही, कन्येच्या वैद्यकीय परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणी, उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतरच पद सोडावे लागले. चार वर्षांत दोन मुख्यमंत्री न्यायालयीन निर्णयाने गेले; सभागृहातील मतदानाने एकही गेला नाही.

तिसरा परिणाम कायद्याचा. १९८८ साली नवा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम आला व त्यात लोकसेवकाची व्याख्या विस्तृत करण्यात आली. त्या अधिनियमाखाली संसद सदस्यही लोकसेवक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली नरसिंह राव यांच्या प्रकरणात ठरविले. १९८४ च्या निर्णयाने लोकप्रतिनिधींना ज्या व्याख्येबाहेर ठेवले होते, तिच्यात ते अशा रीतीने परत आले.

चौथा परिणाम नियंत्रणव्यवस्थेशी संबंधित आहे. २८ फेब्रुवारी १९८२ रोजी केंद्र शासनाने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठविले. जुन्या कारखान्यांना सुमारे दोन-तृतीयांश उत्पादन नियंत्रित दराने द्यावयाचे व उरलेले खुल्या बाजारात विकावयाचे अशी मुभा मिळाली. १९८९ साली नियंत्रण संपूर्ण गेले. हा निर्णय केवळ महाराष्ट्रातील घटनांमुळे झाला असे म्हणता येणार नाही. उत्पादनवाढ हा त्याचा प्रधान हेतू होता. परंतु परवान्यातून कोणती सत्ता निर्माण होते याचे प्रात्यक्षिक देशाने नुकतेच पाहिले होते. योगायोगाने, १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाण्यात व पुढील वर्षी त्याच तारखेस कल्याण येथे महानगरपालिका स्थापन झाली. या नगरांची पुढील मोठी वाढ सिमेंट हळूहळू बाजारात मिळू लागल्यानंतरच्या काळातील आहे. त्या वाढीत अनुज्ञेचे महत्त्व संपले नाही. मोलाचा कागद तेवढा बदलला. सिमेंटच्या परवान्याची जागा जमीन व बांधकाम यांच्या परवानगीने घेतली.

खुद्द अंतुले यांचे राजकीय जीवन मात्र या प्रकरणाने संपले नाही. १९८९ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले, त्यानंतरही अनेकदा आले आणि केंद्रात दोनदा मंत्री झाले. २ डिसेंबर २०१४ रोजी त्यांचे निधन झाले. कोकणातील मतदारांनी न्यायालयीन वादापेक्षा आपल्या प्रदेशासाठी झालेल्या कामाला अधिक वजन दिले, असे यावरून दिसते. लोकमताचा कौल व कायद्याचा निकष हे नेहमी एकाच दिशेने जातात असे नाही. म्हणूनच दोघांचीही स्वतंत्र व्यवस्था संविधानाने केली आहे.

९. समारोप

प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळल्यास, सिमेंट-प्रकरणाने त्याला बरेच निश्चित उत्तर दिले असे आढळते. पदस्थ मुख्यमंत्र्याविरुद्ध मंजुरीचा निर्णय राज्यपालाने स्वविवेकाने करावयाचा आहे. पद गेल्यावर, तत्कालीन कायद्याप्रमाणे, ते संरक्षणही गेले. आणि फिर्याद करण्याचा अधिकार कोणाही नागरिकास आहे. क्रॉफर्ड-प्रकरणात साम्राज्य सरकारला आपल्या अधिकाऱ्याची चौकशी आपल्याच इच्छेने करावी लागली होती. शंभर वर्षांनी तो अधिकार तत्त्वतः सामान्य माणसाच्या हाती आला, ही प्रगती लहान नव्हे.

तथापि दोन्ही प्रकरणांतील एक साम्य अस्वस्थ करणारे आहे. १८८९ साली लाचेचा आरोप सिद्ध न होता अधिकारी गेला. १९८२ साली फौजदारी दोषसिद्धी न होता मुख्यमंत्री गेले. आरोप खरे असतील तर न्याय अपुरा राहिला आणि खोटे असतील तर आरोपीला निर्दोषत्वाचा वेळेवर निवाडा मिळाला नाही. खटला कोणी भरावा, कोठे चालवावा, मंजुरी कोणाची असावी, या प्रश्नांची उत्तरे देण्यात एक दशक गेले आणि ज्या देणग्यांवरून हे सर्व सुरू झाले त्यांच्या हेतूविषयीचा पुरावा मागे पडत गेला. राजीनामा म्हणजेच प्रकरणाची समाप्ती अशी समजूत महाराष्ट्राच्या राजकारणात त्यानंतर रूढ झाली असेल, तर तिचे मूळ या दशकात शोधावे लागेल. पद सोडणे हे राजकीय उत्तरदायित्व होय. सत्य काय होते हे ठरविणे हे न्यायाचे काम होय. पहिले पार पडले म्हणून दुसऱ्याची निकड कमी होत नाही, एवढी गोष्ट सिमेंट-प्रकरणाच्या अभ्यासकास विसरता येणार नाही.